रापणीचा वाटा आणि पोरांचे बालपण

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही मालवणच्या किनाऱ्यावरून आलो. आमच्याकडे कपाशी नाही, ज्वारी नाही. भात, नारळ, काजू आणि मासळी यांवर घर चालते, आणि तेही वर्षभर चालत नाही. पाऊस तुमच्या तिप्पट-चौपट पडतो. तरी पोरांच्या बाबतीत तुमची-आमची कहाणी एकच निघाली, म्हणून बोलायला उभे राहिलो.

म्हातारी माणसे सगळीकडे सांगतात, आमच्या वेळचे बालपण आता राहिले नाही. तुमच्याकडे हुरड्याची आठवण निघते, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची निघते. आमच्याकडे रापणीची निघते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी समुद्रात अर्धा गोल घेऊन जाळे टाकत येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून चाळीस-पन्नास माणसे वाळूत पाय रोवून ओढतात. जाळे एका मालकाचे नसते. घराघराचा तुकडा जोडून ते होते, आणि मासळीचे वाटे त्या हिशेबाने पडतात. आम्ही शाळेत जाण्याआधी दोराला हात लावायचो. जोर किती लागत असेल तो देव जाणे! पण हात लावला की पोरालाही मूठभर तारली, दोन बांगडे मिळत. ते घेऊन घरी गेले की आई ते कालवणात घाली आणि पोर रुबाबात जेवायला बसे. वाटे कसे पडतात, व्यापारी किती कमी देतो, हे दहा वर्षांच्या पोराला तोंडपाठ असे.

एवढे सांगून थांबलो तर ते खोटे होईल. त्याच पोराचे सकाळचे जेवण म्हणजे पेज, त्यात भात कमी आणि पाणी जास्त. त्याची बहीण रापणीवर नसे. ती धाकटे भावंड काखेत घेऊन विहिरीवर असे, आणि तिची शाळा चौथीत सुटे. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की मुंबईला जाई. आधी बोटीने, पुढे एस.टी.ने. लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचे. कित्येकांना बाप ठाऊक होता तो चतुर्थीला येणारा पाहुणा म्हणून. एरवी बाप म्हणजे पोस्टमनने आणलेली मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतल्या भोंग्याबरोबर आमच्या वाड्यांतल्या चुली थंडावल्या. त्या बालपणाचे गोडवे गाणाऱ्याने ही पेज आणि ही वळकटीही सांगावी.

आता आमच्या पोरांचे पाहा. मोठे ट्रॉलर आले, मागून पर्ससीनची जाळी आली. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ पोचण्याआधीच खोल पाण्यात वेढला जाऊ लागला. ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण तोवर कितीतरी रापणी गुंडाळून ठेवल्या गेल्या होत्या. आज काही ठिकाणी रापण ओढली जाते तेव्हा दोराला पर्यटकांची पोरे हौसेने हात लावतात आणि फोटो काढून घेतात. आमचे पोर शिकवणीला गेलेले असते.

ते का गेले? कारण घरात रोज एकच वाक्य ऐकू येते, "शिक, नायतर रापण ओढूची लागतली." तुमच्याकडे म्हणत असतील, शीक, नाहीतर ढेकळे फोडावी लागतील. आईबाप चुकले असे आम्ही म्हणत नाही. डिझेल, जाळे आणि मजुरी यांचा हिशेब मांडूनच ते बोलतात. पण ज्या कामाचे नाव घेऊन पोराला रोज भीती घातली, त्याच कामाची त्याने पुढे ओढ धरावी, ही अपेक्षा कुठून आणायची? पोर शहाणे आहे. त्याने आपले ऐकले.

आणि ऐकले ते किती जणांनी, हे जनगणनेत दिसते. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. राज्यात त्या दहा वर्षांत माणसे घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि आमचा. हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६, म्हणजे गेले कोण आणि मागे राहिले कोण ते उघड आहे. १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली, तेव्हा वाटले पोरे परत येतील. गाडी येते, चतुर्थीला आणि शिमग्याला भरून येते, आणि तशीच भरून जाते.

जी थोडी राहिली ती तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या खोल्या चालवतात, होडी फिरवतात, डुबकी मारायला शिकवतात. म्हातारे नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. त्या पोरांना दिवसाच्या शेवटी हातात काय उरले ते कळते, जसे आम्हाला दोन बांगड्यांवरून कळे. मुलीही त्यात आहेत, आणि त्या शाळा पुरी करून आल्या आहेत. जुन्या बालपणातले हे एवढेच आम्हाला परत हवे आहे. पेज नको, वळकटी नको.

दुपारच्या चर्चेत तुमच्याकडून एक ऐकायचे आहे. एकरभर कपाशीला बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी मिळून खर्च किती येतो, आणि पट्टी किती हातात येते, हे तुमच्या घरातल्या दहावीच्या पोराला आणि पोरीला विचारा. सांगता आले किती जणांना, ते गाववार सांगा.