शिकारीचे रान आणि रिकामे हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही शिकारीचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या वसाहतीच्या नावातच मोर आहे, तेथील रहिवाशांना रान अगदीच परके नसावे. दिल्लीच्या उत्तर रिजवर ‘पीर गैब’ नावाची जी जुनी वास्तू उभी आहे, ती चौदाव्या शतकातील फिरोजशहा तुघलकाच्या शिकारमहालाचा अवशेष होय. राजधानी झाली तरी तीही एके काळी शिकारीचेच रान होती. आम्ही मात्र आज आपणांस यमुनातीरावरून भोगावतीच्या खोऱ्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरच्या रानात नेणार आहोत. आमचे मूळ गाव त्याच तालुक्यातले.

अमेरिकेच्या पश्चिम भागात सपाट माथ्याच्या डोंगराला ‘मेसा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मेज. तेथे खेचरासारख्या लांब कानांचे ‘म्यूल’ हरिण राहते आणि त्याच्या शिकारीसाठी लोक दरसाल परवाना काढून डोंगर चढतात. आपला सह्याद्री याच घडणीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पावसाने ते कोरले आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे व सपाट माथे उरले. दाजीपूरच्या रानात या माथ्यांवर जांभ्या दगडाचे कवच आहे. त्यांना आपण सडे म्हणतो. पावसाळ्यात सड्यावर फुलांचा गालिचा पसरतो, उन्हाळ्यात मात्र तापलेला दगड तेवढा उरतो. पाणी सारे खालच्या झाडीत, ओहळांच्या डबक्यांत. म्हणून सांबर दिवसा दाट सावलीत दडते आणि अंधार पडल्यावर चरण्यास निघते.

हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. संस्थानी शिकारीचे दोन प्रकार होते. माळावर पाळीव चित्ते सोडून काळवीट धरीत. देशी चित्ता दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेतूनही चित्ते आणविले जात. डोंगरातली शिकार मात्र हाकाऱ्याची. पहाटे माणसे रानाच्या एका अंगाला ओळीने उभी करायची, ढोल-डबे वाजवीत पुढे सरकायचे आणि जनावर ज्या खिंडीतून निसटेल तेथे मचाणावर बंदूकवाल्याने बसायचे. वारा मचाणाकडून रानाकडे वाहत असला की सारा खेळ फुकट. सांबराचे नाक तिखट. वास लागताच ते भोंग्यासारखा आवाज देऊन सगळ्या रानाला सावध करते. मुरलेला नर तर पुढे पळतच नाही. झुडपात निश्चल उभा राहतो, ओळ जवळ आली की दोन माणसांमधून मागे निसटतो.

आमचे आजोबा तरुणपणी हाकाऱ्याला जात. हाकाऱ्याची गोष्ट आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांचे म्हणणे असे, की हाकाऱ्याला शिकार कधी दिसत नाही. त्याला फक्त बार ऐकू येतो. तो ऐकल्यावर मागच्या ओळीत कोणी हसे, कोणी मुकाट पायातला काटा काढत बसे. शिकारीच्या आठवणी ज्यांनी लिहिल्या, ते बहुधा मचाणावरचे होते. काट्यांतून चालणाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

दुसरी उपेक्षा फासेपारध्यांची. घोड्याच्या केसाच्या फाशात तित्तिर धरावा, मातीवरच्या पुसट खुणेवरून जनावर केव्हा गेले ते सांगावे, ही त्यांची पिढीजात विद्या. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय व काम दिले. परंतु 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या परंपरेने देशभर अशा अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. ते कायदे 1952 मध्ये रद्द झाले, लोकांच्या नजरेतला शिक्का मात्र पुसला गेला नाही. पुढे शिकारही कायद्याने बंद झाली. राजाने बंदूक खाली ठेवली तेव्हा त्याची प्रतिष्ठा उरली. पारध्याने फास खाली ठेवला तेव्हा त्याची चूल विझली.

कायद्याचा प्रवास आम्हां सरकारी माणसांना विशेष बोधप्रद वाटतो. 1958 मध्ये दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकार तेव्हाच संपली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या कायद्यात काही जनावरांसाठी शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. ती कलमे 1991 च्या दुरुस्तीने गेली. एकोणीस वर्षे लागली.

अमेरिकेने निराळी वाट धरली. तेथे 1937 च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावला. शिकारी हाच संरक्षणाचा एक मोठा देणगीदार झाला. परंतु तेथेही एक धडा आहे. ॲरिझोनातील कैबाब पठारावर 1906 मध्ये हरणांसाठी राखीव क्षेत्र झाले. सरकारी माणसांनी तेथले प्यूमा व लांडगे मारले. हरणे वाढली, झाडपाला ओरबाडला गेला आणि 1924 च्या सुमारास हिवाळ्यात ती उपासमारीने मेली. किती मेली, कारणे कोणती, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले. तरी एवढे खरे, की एकाच जनावराला वाचवू पाहणारा माणूस रान वाचवितोच असे नाही.

आता आमच्या सहलीविषयी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर सामान्य नागरिकांना बसू देते. गेल्या वैशाखात आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि कोल्हापूरचे मेहुणे असे तिघे दाजीपूरच्या रानात बसलो. हाती वही व पेन्सिल. सोबत गावातला एक तरुण वाटाड्या. त्याने आधी मूठभर धूळ सोडून वारा पाहिला आणि आम्हांला बोलणे, खोकणे, पिशवी वाजविणे, सर्वच मना केले. चंद्र वर आल्यावर आधी भेकराचे भुंकणे झाले. मग बराच वेळ काही नाही. मध्यरात्रीनंतर एक सांबराची मादी पाड्यासह आली. दहा पावले चालावी, थांबावी, कान फिरवावेत. पाण्याशी पोहोचायला तिने पाऊण तास घेतला असेल. वाटाड्याने वहीत दोनच रेघा ओढल्या. आजोबांना जे हाकाऱ्यात कधी दिसले नाही, ते नातवाला मचाणावरून दिसले, एवढे समाधान आम्हांला पुरेसे होते.

पहाटे उतरताना आम्ही त्या तरुणाला शेतीविषयी विचारले. तो म्हणाला, “साहेब, गवा रात्री ऊस तुडवून जातो. भरपाई मिळते, पण रात्रभर जागायचं कुणी? तुम्ही एक रात्र जागलात, आम्ही हंगामभर जागतो.” या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. 2012 साली राधानगरीचा समावेश जागतिक वारशात झाला, याचा आपल्याला इथे अभिमान वाटतो. त्या वारशाची राखण मात्र तो तरुण कंदील घेऊन करतो.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपली वार्षिक सहल एकदा तरी या रानात न्यावी. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी करावा, वाटाड्या गावचाच घ्यावा आणि त्याला त्याच्या विद्येचा योग्य मोबदला द्यावा. माग काढण्याची कला जाणणारे पारधी कोठे भेटले, तर त्यांनाही गुरूच्या मानाने बोलवावे. शिकार थांबली हे उत्तम झाले. पण ज्यांच्या श्रमावर ती पूर्वी चालली आणि ज्यांच्या जागरणावर आज रान टिकले आहे, त्यांचे देणे अजून फिटलेले नाही.