काकांची किल्ली आणि रिकामी जागा

(आमच्या शाखेतर्फे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये १२ ऑगस्ट रोजी झालेल्या सभेतील भाषण)



आज डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. आपल्या देशात तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या शास्त्राविषयी बोलण्याइतके आमचे शिक्षण नाही, आम्ही मॅट्रिक. आम्ही बोलणार आहोत ते आपल्या वाचनालयाच्या काकांविषयी. ते मागच्या रांगेत बसले आहेत. पुढे या म्हटले तरी येत नाहीत.

काका निवृत्त झाले त्याला नऊ वर्षे झाली. त्यांच्या जागी माणूस दिला गेला नाही. दुसऱ्या दिवशी काका सवयीने आले, कुलूप उघडले, आणि आजवर उघडत आहेत. सकाळी दूध आणायचे, नातवाला शाळेच्या रिक्षात बसवायचे, दुपारी जरा पडायचे, आणि पहिल्या पाळीचा भोंगा झाला की सायकल काढायची. वर्तमानपत्रे काठीला लावणे, पुस्तके जागेवर ठेवणे, देवघेवीची वही भरणे. फाटलेली पुस्तके पिशवीत घालून घरी नेतात. खळ स्वतः शिजवतात, त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात म्हणजे कीड लागत नाही. काकू म्हणतात, आमच्या घरात पिठल्यापेक्षा खळ जास्त शिजते. (मोरचूद विषारी असते, म्हणून त्या खळीचे पातेले वेगळे आहे, हे काकूंनीच आम्हांला बजावून सांगितले.)

रनिंग स्टाफसाठी त्यांचा कायदा निराळा. ड्रायव्हर, गार्ड लिंकवर गेले, बाहेरच्या रनिंग रूममध्ये अडकले, पुस्तक आठ दिवस उशिरा आले, तर दंड नाही. वहीत ‘ड्यूटीवर’ एवढेच लिहितात. आर.एम.एस.चे सॉर्टर बंधू रात्रीच्या गाडीला जाण्याआधी एक पुस्तक पिशवीत टाकून नेत, त्यांनाही तीच सवलत असे. हा नियम कुठल्या सर्क्युलरमध्ये नाही. पण ज्याला आमची ड्यूटी कळते त्यालाच असा नियम सुचतो.

सणावारी तर काकांकडे पाहण्यासारखे असते. खंडेनवमीला आपण शॉपमध्ये लेथ पुसून झेंडूची माळ घालतो. काका टेबलावर दाखल नोंदवही, रबरी शिक्का, कात्री आणि खळीची वाटी मांडून हळद-कुंकू वाहतात. दसऱ्याला वाचनालय तासभर उघडतात, आणि शाळेत नव्याने गेलेल्या कामगारांच्या मुलांना त्यांच्या नावावर पहिले पुस्तक देतात. आपट्याचे पान खूण म्हणून आत असते. आमच्या धाकटीचे पान अजून आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांची पुस्तके कपाटातून काढून टेबलावर मांडतात आणि त्या दिवशी रात्री दहापर्यंत दिवा चालू असतो. १९३८ साली मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब बोलले होते, आणि मुंबईत घर बांधले तेही पुस्तकांची सोय पाहून बांधले, हे आमच्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा काकांनी सांगितले.

आणि दिवाळी म्हणजे अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण मराठी माणसे फराळाबरोबर अंक मागतो. महाराष्ट्राबाहेर नोकरी काढणाऱ्याला तर तो माहेरचा डबाच. हे गठ्ठे टपालाने येत, आणि पोस्टमन बंधू ते आधी वाचनालयात टाकून मग पुढच्या बीटला जात. पुस्तकांसाठीची ती स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पोस्टातल्या मित्रांनो, हा प्रश्न तुमचा तेवढाच आमचा आहे. गठ्ठा महाग झाला की अंक कमी येणार, आणि नंबर लावून बसलेल्या घरची पाळी होळीला येणार.

आता मुद्द्याचे. जागा भरा म्हणून आपण विचारले की उत्तर मिळते, “वाचनालय तर चालू आहे!” आपल्यातलेही काही म्हणतात, काका आहेत ना, कशाला भांडायचे. मित्रहो, गँगमध्ये चार माणसे कमी असताना उरलेल्यांनी काम ओढले, तर जागा सरेंडर व्हायला किती वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तर उरलेला माणूस निवृत्त आहे आणि फुकट राबतो आहे. त्याच्या जिव्हाळ्याचा वापर रिकामी जागा झाकायला होतो आहे, हे आम्हांला मान्य नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल पगार देऊन आणला आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. पुस्तकांची आवड असणारा कोणीतरी ते काम फुकट करील, असे महाराज म्हणाले नाहीत.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. काका इन्स्टिट्यूटच्या खात्यावरचे नोकर होते, रेल्वेचे नव्हेत. एकरकमी पैसे हातात पडले आणि संपले. पेन्शन नाही, महागाई भत्ता नाही, पास नाही. आयुष्य रेल्वेवाल्यांत गेले, पण मुलीकडे जायचे तर तिकीट काढावे लागते, आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्येच बंद झाली. गेल्या वर्षी आपण त्यांना शाल-श्रीफळ द्यायला निघालो तेव्हा ते म्हणाले, “शाल राहू द्या, खिडकीला जाळी बसवा. पावसाचे पाणी कपाटावर येते.” जाळी बसली. शाल काकूंनी घेतली.

तेव्हा पुढच्या पी.एन.एम.मध्ये ग्रंथपालाची जागा हा आमचा आयटम आहे. नेमणूक होईपर्यंत काकांना मानधन मिळावे म्हणून स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीतील आपले प्रतिनिधी अर्ज देतील. त्या अर्जावर सभासद वाचकांच्या सह्या हव्यात. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. रनिंगवाल्यांनी लिंकवर जाण्याआधी सही करावी.

दिवाळी अंक योजनेची वर्गणी उद्यापासून घेतली जाईल. पावतीपुस्तक आमच्याकडे नाही, काकांकडे आहे, आणि ते साडेचारच्या आधी उघडत नाहीत.