जुनी गाडी सुरू का होत नाही : सेल्फ, ठिणगी आणि चार्जिंग

चावी फिरवूनही जुनी गाडी सुरू झाली नाही, तर दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो. पहिले ठिकाण म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा जाड केबलचा मार्ग, दुसरे कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि प्लग यांचा ठिणगीचा मार्ग, आणि तिसरे पेट्रोल. डायनामो व कटआउट (डायनामो आणि बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा स्विच) यांचा चार्जिंगचा मार्ग यांत थेट येत नाही. पण बॅटरी वारंवार का उतरते, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांत हे सगळे भाग उघड्यावर, हाताला लागतील असे आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. साठच्या दशकातली फियाट आता या वर्गात बसते. तिला संगणक लावून दोष वाचता येत नाही. टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर तिचे निदान होते, मात्र तपासणीचा क्रम सोडून चालत नाही.

इंजिन फिरते की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला किंवा इंजिन रेंगाळत फिरले, तर प्लग काढून पाहण्यात अर्थ नाही. रात्रभर विसावलेली, पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. हे मोजमाप आवश्यक असले तरी पुरेसे नाही. खरी परीक्षा भाराखाली होते. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खांबांवरचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी उतरली आहे किंवा निकामी झाली आहे. कधीकधी सेल्फच जाम होऊन भलताच करंट ओढत असतो.

बॅटरी ठीक आणि सेल्फ मात्र मंद, अशी स्थिती असेल तर दोष जवळजवळ नेहमी जोडात निघतो. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर करंट ओढतो. गंजलेल्या टर्मिनलमध्ये एक शतांश ओहम एवढाच रोध असला, तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खर्ची पडतात. त्याच जोडातून हेडलाइटचे चारएक अँपिअर जातात, तेव्हा नुकसान अवघे ०.०४ व्होल्ट असते. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सेल्फ मात्र हलत नाही. दिवे लागले म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठणठणीत, हा समज यामुळेच फसवा आहे. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्याच केबलच्या सेल्फकडच्या टोकावर ठेवून सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर त्या मार्गातला प्रत्येक जोड उघडून घासावा. मीटर नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून टर्मिनलांना हात लावावा. जे तापले, तोच दोषी.

अर्थच्या बाजूचीही अशीच तपासणी करावी, कारण बहुतेकांचे दुर्लक्ष तिथेच होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थची पट्टी तुटली, किंवा नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर रंग न खरवडताच बसवली, की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारताना चोकची केबल तापू लागली, तिच्यातून धूर येऊ लागला, तर निदान तिथेच संपते. नुकत्याच रिस्टोअर केलेल्या चकाचक गाड्यांना हा विकार अधिक, कारण रंगारी आणि वायरमन यांची भेटच झालेली नसते.

सेल्फ नुसताच घरघरतो आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्स, म्हणजे सेल्फचे पिनियन पुढे सरकवणारी यंत्रणा, पाहावे. जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये पिनियन स्वतःच्या वेगाने पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरते. ग्रीसवर धूळ चिकटली की ते जागचे हलत नाही. बेंडिक्सला ग्रीस लावणे हाच मुळात चुकीचा उपचार आहे. उलट पिनियन दात्यांत अडकून बसले, तर इग्निशन बंद करून गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागेपुढे हलवावी.

इंजिन जोमाने फिरते पण धरत नाही, तेव्हा ठिणगीकडे वळावे. प्लग काढून त्याची वायर लावावी, प्लगचे धातूचे अंग इंजिनला टेकवावे आणि सेल्फ मारावा. हे कार्बोरेटरपासून दूर करावे; पेट्रोलचा वास येत असेल तर करूच नये. ठिणगी निळी आणि टणक आवाजाची असेल तर पेट्रोलची तपासणी सुरू करावी. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत फ्लोट चेंबर बहुधा कोरडे पडलेले असते. ठिणगी पिवळी, मरगळलेली किंवा नसलीच, तर डिस्ट्रिब्युटर उघडावा.

इथले काम बारकाईचे आहे. दोन क्लिपा सोडल्या की झाकण निघते. ते आतून उजेडात धरून पाहावे. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर उच्च दाबाची वीज त्या रेघेवरून पळते आहे. ते झाकण पुसून सुधारत नाही, बदलावे लागते. पावसाळ्यात नुसता दमट थर असेल, तर कोरड्या फडक्याने काम भागते. मग रोटर काढून बाजूला ठेवावा आणि इंजिन फिरवून पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, पूर्ण उघडतील अशा जागी आणावे. फट साधारण ०.४ मिलिमीटर असावी; नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. बंद पॉइंटमधून टेस्ट लॅम्पने करंट तपासावा. बरेच दिवस उभ्या गाडीत पॉइंटवर न दिसणारा थर चढतो आणि त्यामुळे सगळी यंत्रणा ठप्प होते. जाड, स्वच्छ कागदाचा तुकडा पॉइंटमध्ये धरून दोनतीनदा ओढला तरी पुष्कळदा गाडी धरते.

पॉइंट उघडताना तिथेच मोठ्या निळ्या ठिणग्या उडतात आणि प्लगला मात्र काहीच पोहोचत नाही, तर कंडेन्सर गेलेला असतो. डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटची छोटी वायर ॲडव्हान्सच्या हालचालीबरोबर सतत वाकत राहते. ती बाहेरून शाबूत दिसते आणि आतून तुटलेली असते. हलक्या हाताने ओढून पाहिल्यावाचून हे कळत नाही. गाडी थंड असताना उत्तम चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, तेव्हा कॉइलवर संशय घ्यावा. साध्या १२ व्होल्ट कॉइलचा प्रायमरी रोध ३ ओहमच्या आसपास असतो, पण थंड कॉइल मोजून हा दोष सापडत नाही. गाडी बंद पडताच, कॉइल तापलेली असतानाच मोजावे. प्लगच्या वायरी परत लावताना फियाट आणि ॲम्बॅसेडर दोन्हींचा क्रम १-३-४-२ आहे. एकेक वायर काढून लावली तर गोंधळ होत नाही. सगळ्या एकदम काढणाऱ्याला हा क्रम आठवावाच लागतो.

चार्जिंगचा प्रश्न गाडी सुरू झाल्यावरचा. डायनामो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. शहरातल्या गर्दीत, रात्री दिवे लावून चालणाऱ्या गाडीची बॅटरी म्हणूनच उतरत जाते, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. वेग वाढवूनही इग्निशनचा लाल दिवा विझत नसेल, तर लुकास पद्धतीच्या डायनामोची चाचणी सोपी आहे. त्याच्या दोन्ही वायरी काढून दोन टर्मिनले एका तारेने जोडावीत, व्होल्टमीटर त्या जोडापासून अर्थपर्यंत लावावा आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवावा. काटा सरळ चढत गेला तर डायनामो चांगला, दोष कटआउटमध्ये किंवा वायरीत. काटा २० व्होल्टपर्यंत पोहोचला की थांबावे. काटा हललाच नाही तर ब्रश पाहावेत; अर्धा-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड, आणि चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. कटआउटच्या पॉइंटना मात्र अनुभव नसलेल्याने हात लावू नये. ते चिकटून बसले, तर बंद गाडीतही बॅटरी डायनामोतून रिकामी होते आणि तारा जळतात.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेले असते. अशा गाडीची बॅटरी आजच्या सवयीने उलटी जोडली गेली, तर डायनामोचे ध्रुव बदलतात आणि रेडिओसारखे नाजूक भाग जातात. केबल लावण्यापूर्वी कोणते टोक बॉडीला गेले आहे, हे पाहणे सक्तीचे. बॅटरी काढताना अर्थची केबल आधी, बसवताना ती शेवटी.

गाडीची बॅटरी उभ्या-उभ्या उतरत असेल, तर सर्व स्विच बंद करून बॅटरीची एक केबल सोडावी आणि खांब व केबल यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर लावावा. सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर जळतो. गाडीत घड्याळ नसेल तर आकडा शून्य हवा. तो नसेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा पडतो, त्याच्या पुढे गळती आहे. जुन्या लुकास वायरिंगमध्ये डायनामो, इग्निशन स्विच आणि हेडलाइट यांच्या तारांना फ्यूजच नसतो. त्यामुळे सर्व फ्यूज काढूनही आकडा टिकला, तर तपास याच तारांवर येतो. कापडाचे आवरण असलेली जुनी तार बोटांत धरून किंचित वाकवावी. आवरण चुरा होऊन पडले, तर टेप गुंडाळण्याऐवजी वायरिंगचा तो सगळा लूमच बदलून घ्यावा.