काटकसर : एकट्याची आणि सर्वांची

(कापूरहोळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



या वर्गासाठी मी ‘घरखर्चातील काटकसर आणि शहाणपणाची खरेदी’ हा विषय कळविला, तेव्हा संयोजकांपैकी एकाने संकोचाने विचारले, “सर, हा विषय महिला मंडळाचा नाही का?” या प्रश्नातच आपल्या चळवळीची एक उणीव दडलेली आहे. महागाईविरुद्ध आपण ठराव केले, मोर्चे काढले; परंतु महागाई ज्या पिशवीतून घरात शिरते ती पिशवी आपण क्वचितच उघडून पाहिली. आज ती उघडून पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरिबाला काटकसर शिकवावी लागते, असे सुखवस्तू लोक मानतात. अर्न्स्ट एंगल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचे सहकारी एंगल्स ते निराळे) १८५७ साली कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवून दिले की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा. ज्याचा बहुतेक पैसा पोटातच जातो त्याने काटकसर करायची म्हणजे कुठे? शंभर वर्षांनंतर, १९६३ साली, डेव्हिड कॅप्लोविट्झ या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची खरेदी तपासली. गरीब माणूस तीच वस्तू अधिक किंमत मोजून घेतो, असा त्याच्या पुस्तकाचा निष्कर्ष होता. शीर्षकही त्याच अर्थाचे होते.

मला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरचा किराणा गावातल्या एका दुकानातून उधारीवर येई. आई मला चिठ्ठी देऊन पाठवी. चिठ्ठीत वस्तू असत, वजन असे; भाव कधीच नसे. एकदा मी दुकानात मोठ्याने विचारले, “गूळ काय भावाने लावला?” दुकानदार काही बोलला नाही, त्याने वहीतले आमचे पान माझ्यासमोर उघडून धरले. घरी आल्यावर मी हे सांगितले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “ज्याच्या वहीत आपलं नाव आहे, त्याला भाव विचारू नये.” पुढे मी अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, शिकवलेही, पण बाजारातील सत्तासंबंध याहून कमी शब्दांत सांगितलेला मला आढळला नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, आषाढात घरातले धान्य संपे तेव्हा आम्हाला दारात उभे करणारा तो एकच माणूस होता. दोष त्या माणसाचा नव्हता. दुसरे दार नव्हते, हा दोष होता.

गरिबाला माल महाग का पडतो, याची कारणे तीन. तो थोडे थोडे घेतो, उधारीवर घेतो आणि घाईत घेतो. आपण बसलो आहोत हा कापूरहोळचा फाटाच पाहा. पुणे-सातारा महामार्गावरून येथे एक रस्ता भोरकडे वळतो, दुसरा नारायणपूरमार्गे सासवडकडे. शिरवळच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारा तरुण फाट्यावर उतरतो आणि पुढची गाडी येईपर्यंत त्या दिवसापुरते तेल, साखर, चहाची पुडी घेतो. महामार्गाचा बाजार वाटसरूच्या घाईवर चालतो. गावकऱ्याने त्या घाईत का सापडावे?

म्हणून आधी एकट्याने करावयाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वही. महिनाभर घरातला प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहावा. आणि तो घरातल्या सर्वांनी लिहावा, केवळ गृहिणीने नव्हे. पुरुषांचा चहा, तंबाखू, मोबाईल आणि पेट्रोल वहीत उतरले की ‘बायका फार खर्च करतात’ हे पुष्कळ घरांतले प्रमेय आपोआप निकालात निघते.

दुसरी गोष्ट दर. वस्तूची किंमत पाहू नये, किलोचा किंवा लिटरचा दर पाहावा. वेष्टनावर हा एकक दर छापण्याचा नियम आहे. कमाल किरकोळ किंमत ही नावाप्रमाणे कमाल आहे. तिच्याखाली घासाघीस करण्यास कोणतीही बंदी नाही. मोठे पाकीट नेहमी स्वस्त, हाही भ्रमच. शाम्पूची लहान पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा दराने स्वस्त पडते. तेव्हा गृहीत धरू नये, भागाकार करावा. सणाच्या आदल्या दिवशी आणि उपाशीपोटी बाजारात जाऊ नये, हा जुन्या बायकांचा सल्ला अर्थशास्त्रालाही मान्य आहे.

तिसरी गोष्ट हक्काची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा मिळावयाचे असते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पावती मागावी, वजन पाहावे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० पासून अमलात आला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक प्रत्येकाने त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

चौथी गोष्ट व्याजाची, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. कारण दुकानदाराची वही आता हप्त्याच्या करारात गेली आहे. समजा, १२,००० रुपयांचे कर्ज ‘फक्त दहा टक्क्यांनी’ घेतले आणि ते बारा हप्त्यांत फेडायचे आहे. व्याज १,२०० रुपये आणि मुद्दल दरमहा १,००० असे. ऐकायला दर दहा टक्के. परंतु वर्षभर १२,००० रुपये आपल्याजवळ नसतात. पहिल्या महिन्यात बारा हजार, दुसऱ्या महिन्यात अकरा, शेवटच्या महिन्यात एक. सरासरी काढली तर आपण वापरतो ६,५०० रुपये आणि व्याज देतो १,२००. म्हणजे दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास! ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतात तेथेही रोखीने घेणाऱ्याला किती सूट मिळते ते विचारावे. गमावलेली सूट हेच पुष्कळदा व्याज असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाच्या मुख्य तपशिलाचे पत्रक कर्जदाराला द्यावे लागते आणि त्यात सर्व आकार धरून वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो. हे पत्रक वाचल्याशिवाय सही करू नये.

मित्रहो, हे सर्व केले तरी एकट्याच्या काटकसरीला सीमा आहे. ज्याच्या हाती आठवड्याची मजुरी आहे त्याला ‘वर्षाचे धान्य हंगामात भरा’ असे सांगणे ही थट्टा होय. येथून पुढचा प्रश्न संघटनेचा आहे.

इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामगारांनी प्रत्येकी एक पौंड जमवून एक दुकान उघडले. पीठ, साखर, लोणी, ओटचे पीठ असा मोजकाच माल. त्यांचे नियम साधे होते : माल निर्भेळ, माप पुरे, विक्री बाजारभावाने परंतु रोखीने, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. प्रत्येक सभासदाला एकच मत. या नियमांवर जगभरची ग्राहक सहकारी चळवळ उभी राहिली. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’चा पाया घातला गेला. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. पक्ष निरनिराळे होते, पण रिकामा डबा सर्वांचा एकच होता. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने दुकान न थाटता सामूहिक खरेदीची पद्धत रुजविली. शेजारची कुटुंबे गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, माल गटाकडे येतो आणि सभासद तो आपल्या हातांनी वाटून घेतात. या कामातील सर्वांची विचारसरणी आपली नव्हती. म्हणून त्यांच्यापासून शिकू नये असे थोडेच आहे?

मात्र आपल्या अपयशाचेही ऑडिट झाले पाहिजे. गावोगावची ग्राहक भांडारे का बुडाली? मी काही भांडारांचे हिशेब जवळून पाहिले आहेत. त्यांत कारणे तीच ती दिसली : संचालकांच्या ओळखीने दिलेली उधारी, न खपणाऱ्या मालाची भरती आणि हिशेब पाहण्याचा सभासदांचा आळस. भांडवलदारांनी ती बुडविली, असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे ती आपण बुडविली. मोर्चाला यायला आपण तयार असतो, साठ्याची मोजणी करायला नसतो.

म्हणून एक लहान प्रस्ताव ठेवतो. दुकान काढू नका. चाळीस घरे गोळा करा. प्रत्येक घराला महिन्याला अडीच किलो डाळ लागत असेल तर एक क्विंटल होते. म्हणजे एका पोत्याचे गिऱ्हाईक घाऊक व्यापाऱ्याच्या दारात उभे राहते. डाळ, तेल, साखर, चहा, साबण एवढ्या पाचच वस्तूंपासून प्रारंभ करा. भोर तालुक्यातला इंद्रायणी तांदूळ मात्र थेट शेतकऱ्याकडून घ्या, आणि त्याला पाडून भाव देऊ नका. ग्राहकाची बचत उत्पादकाच्या खिशातून होणार असेल तर ती आपली काटकसर नव्हे. घरटी महिन्याला दोनशे रुपये वाचले असे समजा; चाळीस घरांचे वर्षाचे ९६,००० रुपये होतात. त्यातला काही भाग बचत गटात ठेवला तर रोखीने घेऊ न शकणाऱ्या घराला एका महिन्याची उचल देता येईल. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण वाण्याची उधारी नको म्हणणे सोपे, पण आषाढात त्या घराने जायचे कोठे, याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे.

नियम तीनच. पैसे आधी. वजन सर्वांसमोर. हिशेब दरमहा भिंतीवर, आणि तो लिहिण्याची पाळी प्रत्येक घराकडे, पुरुषांकडेसुद्धा.

यातून समाजवाद येईल, असे मी म्हणत नाही. रेशनव्यवस्था, शेतमालाचा भाव, मजुरीचा दर हे प्रश्न लढूनच सुटतील. परंतु ज्या घराचे नाव कुणाच्या वहीत अडकलेले नाही, ते घर लढ्याला अधिक ताठ मानेने येते. आमच्या आईला आयुष्यभर गुळाचा भाव विचारता आला नाही. तुमच्या गावातल्या चाळीस आयांना तो मोठ्याने विचारता यावा, एवढे काम पुढच्या महिन्यात सुरू करता येण्याजोगे आहे. वर्ग संपण्यापूर्वी कोण कोणती चाळीस घरे घेणार, ती नावे लिहू या.