गाडीच्या दाराचें विजेचें कुलूप

घराचें कुलूप बिघडलें तर तें त्याच दिवशीं दुरुस्त होतें. गाडीच्या दाराचें बिघडलें तर तें महिनेच्या महिने तसेंच राहतें. घराला पुढचें दार एक, आणि गाडीला चार. एक रुसलें तरी तीन आहेतच, असें मनुष्य मनाचें समाधान करून घेतो.

अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणावी. दहा-बारा वर्षें वापरलेली, मध्यम कुटुंबांतील. संध्याकाळीं गृहस्थ खालीं उतरून किल्लीचें बटन दाबतात. तीन दारांतून 'खट्' असा आवाज येतो. मागचें डावें दार मुकाट राहतें. गृहस्थ आंत वांकून हातानें कुलपाची खुंटी दाबतात आणि घराकडे वळतात. पहिल्या दिवशीं त्यांना याचा त्रास वाटतो, आठव्या दिवशीं संवय होते, आणि पुढें ती खुंटी उघडण्याचाही सर्वांस कंटाळा येऊन तें दार कायमचें बंदच राहूं लागतें. नातू विचारतो, "आजोबा, हें दार कां हो उघडत नाहीं?" आजोबा सांगतात, "अरे, तें बिघडलें आहे. तूं पलीकडच्या दारानें उतर."

सारा धोका ह्या उत्तरांत आहे. आपल्या देशांत वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. म्हणून गाडी कडेला थांबली असतां डावें दार पदपथाकडे उघडतें, आणि उजवें दार मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेंत. ज्या दारानें मुलांनीं उतरावें तें बंद, आणि ज्या दारानें उतरूं नये तेंच मोकळें, अशी व्यवस्था घरांतील वडील माणसानेंच नकळत करून ठेविलेली असते. त्यांत उन्हाची भर. बंद गाडीविषयींचा एक प्रयोग २००५ सालीं अमेरिकेंतील बालरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या आंतील उष्णता एका तासांत सरासरी सुमारें २२ अंश सेल्सिअसनें वाढली, आणि त्यांपैकीं चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. गाडीचें प्रत्येक दार आंतून उघडतें कीं नाहीं, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा राहत नाहीं.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. दार धरून ठेवण्याचें काम कुलूप करीत नाहीं. तें काम कडीचें. चौकटीवर पोलादाचा एक आंकडा बसविलेला असतो. दार लोटलें कीं दारांतील नखासारखा तुकडा फिरून त्या आंकड्याला पकडतो, आणि हॅण्डल ओढलें कीं तें नख सुटतें. हॅण्डल आणि नख यांच्यामधील दुवा जोडणें किंवा तोडणें, एवढेंच कुलपाचें काम. पूर्वीं हा दुवा मनुष्य खुंटी दाबून हलवीत असे. आतां तो एक लहानशी विजेची मोटर हलविते. अमेरिकेंत १९५६ सालच्या पॅकार्ड गाड्यांत अशी सोय होती. दुरून बटन दाबून कुलूप उघडण्याची युक्ति फ्रान्सच्या रेनॉ कंपनीनें १९८२ सालीं आपल्या फ्युएगो गाडींत आणिली. आपल्याकडे १९८३ सालीं निघालेल्या मारुती ८०० गाडीला हातानें दाबावयाचींच कुलपें होतीं, आणि पुष्कळ मालकांनीं मागाहून बाजारांतील विजेचा संच बसवून घेतला. अशा संचांत बहुधा चालकाच्या दारांतील यंत्राला पांच तारा व इतर दारांतील यंत्रांना दोन-दोन तारा असतात.

ह्या दोन तारांचें काम समजलें म्हणजे अर्धें कोडें सुटलें. बॅटरीचा बारा व्होल्टांचा प्रवाह एका दिशेनें सोडला कीं मोटर फिरून कुलूप लागतें. तोच उलट दिशेनें सोडला कीं कुलूप निघतें. प्रवाह क्षणभरच वाहतो. मोटर म्हणजे केवळ घंटा वाजविणारा शिपाई होय. तो रजेवर गेला म्हणून सबंध शाळा नवी बांधण्याचें कारण नाहीं. पण तो खरोखरच रजेवर आहे, कीं त्याच्यापर्यंत हुकूमच पोंचलेला नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

तपासणीचा क्रम सोपा आहे. चारही दारें एकदम मुकीं झालीं असतील तर फ्यूज पाहावा. किल्लीनें होत नाहीं परंतु आंतील बटनानें होतें, असें असेल तर किल्लींतला सेल बदलावा. मागचें दार बाहेरून उघडतें व आंतून मात्र उघडत नाहीं, असें असल्यास दाराच्या कडेवरील मुलांसाठीं असलेला अटकाव चुकून लागला आहे काय, हें पाहावें. पुष्कळदां सारा दोष तेवढाच निघतो. एकच दार अडत असेल तर कान लावावा. आवाज येतो, पण खुंटी हलत नाहीं, तर चाकाचे दांते झिजले आहेत किंवा दांडी आपल्या क्लिपेंतून निसटली आहे. आवाज क्षीण असेल तर वंगण सुकलें आहे किंवा मोटर थकली आहे. आवाज मुळींच नसेल तर प्रवाह येत नाहीं, अथवा मोटर निकामी झाली आहे.

प्रवाह न येण्याचें नेहमींचें ठिकाण म्हणजे दार आणि चौकट यांच्यामधील रबराची नळी. दाराच्या तारा तिच्यांतून जातात, आणि प्रत्येक उघडझापीबरोबर वांकतात. कांहीं वर्षांनीं वरचें आवरण शाबूत राहून आंतील तांबें तुटतें. दार थोडें पुढें-मागें केल्यावर कुलूप मधूनच चालूं लागलें, किंवा त्याच दाराची कांचही अडूं लागली, तर संशय ह्या नळीवरच घ्यावा. तुटलेल्या तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळूं नये. लवचिक तारेचा तुकडा घालून सांधा डाखानें पक्का करावा आणि तो वांकणाऱ्या जागेपासून दूर ठेवावा. नाहींतर तेंच दुखणें लवकरच परत येतें.

दार उघडण्याची वेळ आलीच तर आधीं कांच पूर्ण वर चढवावी, किल्ली खिशांत ठेवावी, आणि मग बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. ज्या गाड्यांच्या बाजूंना हवेच्या संरक्षक पिशव्या आहेत, त्यांत माहितीपुस्तकांत सांगितलेला वेळ थांबावें, आणि त्या पिशव्यांच्या तारांना, ज्या बहुधा पिवळ्या असतात, हात लावूं नये. नंतर हॅण्डलामागील व हात टेकण्याच्या जागेंतील स्क्रू काढून दाराचें आंतील अस्तर कडेकडेनें उचकटावें. त्यामागें प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला दिसेल. तो कारखान्यांत राहून गेलेला कचरा समजून पुष्कळ लोक फाडून टाकतात. पावसाचें पाणी कांचेवरून ओघळून दारांत उतरतें व तळाच्या भोंकांतून बाहेर पडतें. तें आंत बैठकीवर येऊं नये म्हणून हा कागद असतो. तो जपून सोडवावा व शेवटीं पुन्हा चिकटवावा. तळाचीं भोंकें चिखलानें बुजलीं असल्यास तींही मोकळीं करावीं, कारण दारांत सांचलेलें पाणीच पुष्कळदां मोटरीचा घात करितें.

आतां बॅटरी पुन्हा जोडून मोटरीच्या दोन तारांवर लहानसा बारा व्होल्टांचा दिवा धरावा आणि दुसऱ्यानें बटन दाबावें. दिवा क्षणभर लागला, तर हुकूम पोंचत आहे व मोटर बदलली पाहिजे. लागला नाहीं, तर मोटर निर्दोष असण्याचा संभव मोठा, आणि शोध तारेचा करावयाचा. ह्या एका कसोटीनें नव्या यंत्राचे पैसे पुष्कळदां वांचतात. नव्या गाड्यांत मोटर आणि कडी एकाच पेटींत असतात; तेथें पेटीच बदलावी लागते.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. काम संपलें कीं दार लोटून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. दार उघडेंच ठेवून पेंचकसानें कडीचें नख बंद स्थितींत फिरवावें, जणूं दार लागलेंच आहे. मग बटनानें कुलूप लावून काढावें, आणि आंतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही हॅण्डलांनीं नख सुटतें कीं नाहीं तें चार-पांच वेळां पाहावें. एखादी दांडी जोडावयाची राहिली असेल व दार लागलें, तर तें उघडण्यास फार कष्ट पडतात. अस्तराचे स्क्रू आणि कडी दोन्हीं आडोशाला गेलेलीं असतात.

इतकें करूनही दोष सांपडला नाहीं, तर कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. फ्यूज पाहिला, नळी पाहिली, दिवा लावून पाहिला, असें जो सांगूं शकतो, त्याचें काम लौकर होतें व त्याला नको तें यंत्र कोणी सहसा विकत नाहीं. पण तें काम होईपर्यंत तरी गृहस्थांनीं एक पथ्य पाळावें. बिघडलेल्या दाराची खुंटी प्रवासापूर्वीं स्वतः हातानें उघडावी, आणि नातवाला पदपथाच्याच बाजूनें उतरवावें.