बादल्या वाजवणाऱ्या सिस्टर

आज मुलींच्या खेळाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात नेणार आहोत. कॉलेजचं नाव इमॅक्युलाटा. पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या जवळ. ख्रिस्ती सिस्टरांनी १९२० साली सुरू केलेलं आणि तेव्हा फक्त मुलींचं.

इथे मुलींचा बास्केटबॉलचा संघ होता. खेळायचं सभागृह मात्र १९६७ साली आगीत जळून गेलेलं. अंगात लोकरीचा झग्यासारखा गणवेश, आपल्याकडे घालून धावायचं म्हटलं तर घेरीच येईल. शिकवायला आल्या कॅथी रश, वय जेमतेम बावीस-तेवीस. वर्षाचा पगार ४५० डॉलर.

१९७२ साली बायकांच्या कॉलेज संघटनेनं पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठेवली. इमॅक्युलाटाचा नंबर लागला, पण स्पर्धा दूर इलिनॉय राज्यात. जायचं कशानं? मुलींनी टूथब्रश विकले. होय, दात घासायचे ब्रश! आपण जत्रेत पापड-कुरड्यांचा स्टॉल लावतो, तसंच. तरी पैसे पुरले नाहीत. अकरापैकी आठच जणी गेल्या, विमानात जागा उरली तरच बसायला मिळेल अशा तिकिटांवर. मागे राहिलेल्या तिघींना काय वाटलं असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

सोळा संघांत त्यांना पंधराव्या क्रमांकाचं मानलेलं. अंतिम सामना वेस्ट चेस्टर या शेजारच्याच कॉलेजशी, ज्यानं थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी हरवलं होतं. या वेळी इमॅक्युलाटा ५२–४८ नं जिंकलं. पुढे १९७३ आणि १९७४ सालीही विजेतेपद त्यांचंच. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यांनी पत्र्याच्या बादल्या दिल्या आणि सिस्टर सामन्यात त्या बडवायला लागल्या. एवढा दणदणाट, की समोरच्या संघांनी तक्रारी केल्या.

इथपर्यंतची गोष्ट सगळे आवडीनं सांगतात. त्यावर सिनेमाही निघाला आहे. आम्हाला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो.

१९७२ च्याच जूनमध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. कायद्याच्या शब्दांत खेळाचं नावही नव्हतं, पण खेळ त्यात आलेच. मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करावा लागला, खेळाडू मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. लहान कॉलेजला ते झेपेना. १९७५ आणि १९७६ चे अंतिम सामने इमॅक्युलाटा डेल्टा स्टेट विद्यापीठाकडून हरलं. आज ते तिसऱ्या विभागात खेळतं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.

काही जणी म्हणतील, ज्यांनी वाट पाडली त्याच मागे पडल्या. खरं आहे. पण त्या आठ जणींपैकी टेरेसा शँक पुढे प्रशिक्षक झाल्या आणि १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. आणि आता तिकडच्या लाखो शाळकरी मुली खेळतात, त्यांना तिकिटासाठी ब्रश विकण्याची सक्ती नाही.

बायकांनी काटकसर करून काही उभं केलं की आपण टाळ्या वाजवतो. गटात तर रोजच. आम्हीही वाजवतो. मात्र त्या तिघींचं तिकीट काढणं कुणाचं काम होतं, हेही विचारायला हवं. कॉलेजचं होतं.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीआधी एवढं करा. गावातल्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा: कबड्डीच्या, खो-खोच्या मुली तालुक्याला जातात तेव्हा गाडीभाडं कोण देतं? मुलांचं कोण देतं? गेल्या वर्षी किती मुली गेल्या, किती घरी राहिल्या? उत्तर वहीत लिहून आणा, हप्त्यांच्या हिशेबानंतर तोच विषय घेऊ.