खरा किलो कुणाचा?

गेल्या हंगामात आमच्या गटाने 14 पोती तूर विकली. घरून 55 किलो भरलेलं पोतं व्यापाऱ्याकडे 52 भरलं. "ताई, तुमचाच काटा खोटा," असं तो म्हणाला. आम्ही गप्प बसलो. आमच्या काट्याची खात्री आम्हाला तरी कुठे होती?

मग खरा किलो असतो कुठे? तर तो दिल्लीत असतो, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. नेहरूंनी 1947 च्या जानेवारीत तिची कोनशिला बसवली. तिथे प्लॅटिनम-इरिडियम या धातूचा, मुठीत मावेल एवढा एक गोळ ठोकळा जपून ठेवलाय. पॅरिसजवळच्या मूळ किलोची ती 57 नंबरची प्रत. धातूसुद्धा वर्षानुवर्षांत तसूभर घटतो-वाढतो, म्हणून 20 मे 2019 पासून जगाने किलोची व्याख्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याशी बांधली. आपली एक किलो तूर काही त्यामुळे बदलली नाही! (मतदानाला बोटावर लागते ती शाईही याच प्रयोगशाळेची देणगी बरं का.)

दिल्लीच्या मापावरून खालच्या प्रयोगशाळांची मापं तपासतात, त्यांवरून राज्याची, आणि राज्याच्या मापांवरून वैधमापन निरीक्षकाची. निरीक्षक आपल्या वजनांनी दुकानातला काटा तपासून शिक्का मारतो. यालाच आपण पासिंग म्हणतो. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दरवर्षी लागतं. शिक्क्यावर साल असतं, आणि तिमाहीसाठी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं. नसेल तर मागा, त्यात लाज कसली?

आम्ही आधी आमचाच काटा तपासून घेतला. तो पोत्यामागे अर्धा किलो जास्त दाखवत होता! म्हणजे व्यापारी अगदीच खोटं बोलत नव्हता. पण उरलेले अडीच किलो? 14 पोत्यांचे 35 किलो झाले. ते काही परत मिळाले नाहीत, कारण तेव्हा आम्ही ना शिक्का पाहिला, ना तक्रार केली.

यंदा गटाच्या पैशातून शिक्क्याचं 20 किलोचं वजन घेतलंय. माल टेम्पोतून उतरवण्याआधी तेच काट्यावर ठेवतो. आकडा 20 दिसला तर पोतं चढवायचं. नाही दिसला तर टेम्पो पुढच्या दुकानाकडे, आणि फोन निरीक्षकाला.